संचकार किती, प्लॉट किती: फंडाच्या वहीत न दिसणारी उधारी कशी मोजायची

बेळगावात हिंडलग्याकडं एक प्लॉट, किंमत ५० लाख. तुमच्याकडं ५ लाख आहेत. मालकाला ५ लाख संचकार दिला (पुण्याकडं याला इसार म्हणतात), सहा महिन्यांची मुदत लिहून घेतली. सहा महिन्यात भाव ५५ वर गेला तर तिसऱ्याच्या नावावर खरेदी करून देऊन ५ लाखाचे १० करून मोकळे. भाव ४५ वर आला तर ते ५ गेले म्हणून समजा. आता सांगा, या सगळ्यात कर्ज किती काढलं? एक रुपया नाही. पतसंस्थेचं पासबुक स्वच्छ, सिबिल स्वच्छ, आणि तरी किंमत १० टक्के हलली की तुमचा पैसा १०० टक्के हलतोय. म्हणजे दहापट लिव्हरेज, स्वतःच्या पैशाच्या दहापट मालाचा चढउतार अंगावर.

बास, विषय एवढाच आहे. बँक नसलेल्या वित्तसंस्था, म्हणजे फंड, एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बँकेतर कंपन्या), विमा कंपन्या, पेन्शन फंड, मोठ्या श्रीमंतांची फॅमिली ऑफिसं, ही सगळी फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा, भाव आजच ठरलेला), ऑप्शन (ठरल्या भावानं घ्यायचा किंवा विकायचा हक्क), स्वॅप (दोन प्रकारच्या देण्याघेण्याची अदलाबदल) असले डेरिव्हेटिव्ह करार वापरून हेच करू शकतात आणि बॅलन्स शीटवर कर्ज दिसतच नाही. जगातली जवळजवळ निम्मी वित्तीय मालमत्ता आज बँकांच्या बाहेर आहे, त्यामुळं ही न दिसणारी उधारी मोजता येणं हे आता स्पेशालिस्ट लोकांचंच काम राहिलेलं नाही. टिळकवाडीत माझ्याकडं रविवारी दोन-तीन बीकॉम झालेली पोरं येतात, कुणाला पुण्यात, कुणाला बेंगळूरला फंडाच्या ऑपरेशनमध्ये नोकरी लागलेली, त्यांना समजावताना जे लिहून काढलं तेच इथं देतोय. एक्सेल आणि जरा चिकाटी पाहिजे, गणित आठवीचं पुरतं.

एक फरक मात्र आधीच सांगून ठेवतो नाहीतर कुणीतरी मला धरणारच, संचकार सोडून माणूस बऱ्याचदा निसटतो, फ्युचरमध्ये निसटता येत नाही, तोटा मार्जिनच्या (सौद्यापोटी ठेवलेल्या अनामतीच्या) पलीकडं गेला तरी भरावाच लागतो. म्हणजे संचकार हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार.

पायरी १: स्वतःचा पैसा किती ते आधी धरा

भागाकारात खाली हाच आकडा जाणार, त्यामुळं इथं चुकलं की सगळंच चुकलं. फंड असेल तर निव्वळ मालमत्ता म्हणजे एनएव्हीचा एकूण आकडा, एनबीएफसी असेल तर ओन्ड फंड, म्हणजे भांडवल आणि राखीव निधी. "आमचा एयूएम अमुक हजार कोटी" वगैरे जाहिरातीतला, म्हणजे सांभाळायला असलेल्या एकूण पैशाचा, आकडा घेऊ नका, त्यात कधीकधी उसना पैसासुद्धा मोजलेला असतो.

आपण उदाहरणासाठी एक काल्पनिक फंड घेऊ. स्वतःचे १०० कोटी. त्यातले ७० कोटी शेअरमध्ये, ३० कोटी रोख आणि लिक्विड. त्या ३० मधले २० कोटी मार्जिन म्हणून अडकलेले, १० मोकळे. कर्ज शून्य. डेट-इक्विटी रेशो काढला तर शून्य येतो, आणि प्रेझेंटेशनमध्ये "झिरो डेट" असं हिरव्या अक्षरात छापतात.

पायरी २: नोट उघडा

भारतातल्या एनबीएफसीच्या वार्षिक अहवालात बॅलन्स शीटच्या वरच्या ओळींतच, रोख आणि बँक शिल्लक झाल्यावर, डेरिव्हेटिव्ह फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्स अशी एक ओळ असते, मालमत्तेच्या बाजूलाही आणि देण्यांच्या बाजूलाही. तिथला आकडा बघून थांबू नका, तो छोटासाच असतो. त्या ओळीसमोर नोटचा नंबर असतो, त्या नोटवर जा, तिथं टेबल मिळेल: नोशनल (करार ज्या रकमेवर आहे ती पूर्ण रक्कम) किती, फेअर व्हॅल्यू (कराराची आजच्या बाजारभावानं किंमत) मालमत्ता किती, फेअर व्हॅल्यू देणी किती. आपल्याला पाहिजे तो पहिला कॉलम. म्युच्युअल फंडाचा तर दर महिन्याचा पोर्टफोलिओ फाइलमध्ये येतो, सगळ्यात खाली स्क्रोल केलं की डेरिव्हेटिव्ह पोझिशन सापडतात. बहुतेक लोक तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत.

आणि एक, रिझर्व्ह बँकेनं बेस लेयरमधल्या (म्हणजे सगळ्यात खालच्या, छोट्या गटातल्या) एनबीएफसींना लिव्हरेज रेशो ७ च्या वर नेऊ नका असं सांगितलंय, पण तो रेशो बाहेरची देणी भागिले स्वतःचा निधी असा आहे. नोशनल त्यात येत नाही. म्हणून "रेशो ठीक आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. तसं आपल्याकडच्या बऱ्याच एनबीएफसी स्वॅप घेतात ते परदेशातून डॉलरमध्ये काढलेल्या कर्जाला कुंपण म्हणून, जुगार म्हणून नव्हे, त्यामुळं मोठं नोशनल दिसलं की लगेच घाबरायचं पण नाही. घाबरायचं की नाही ते पुढच्या पायऱ्यांवर ठरतं.

पायरी ३: फेअर व्हॅल्यू विसरा, नोशनल लिहा

नवीन माणूस हमखास इथं अडकतो. स्वॅप केला त्या दिवशी त्याची किंमत साधारण शून्य असते, कारण दोन्ही बाजूंचं देणंघेणं त्या क्षणी सारखं असतं. म्हणून २०० कोटींचा स्वॅप पुस्तकात शून्य रुपयांना बसतो. शून्य किंमत म्हणजे शून्य धोका नव्हे, प्लॉटचा करार लिहिला त्या दिवशी नफा-तोटा शून्यच असतो ना, तसंच. जगभरातल्या ओटीसी डेरिव्हेटिव्हचं (एक्स्चेंजबाहेर दोघांत थेट झालेल्या करारांचं) नोशनल ६०० लाख कोटी डॉलरच्या बरंच वर आणि त्याची बाजारभावानं किंमत साधारण २० लाख कोटी, एवढं अंतर या दोन आकड्यांत असतं. बीआयएसनं (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) डिसेंबर २०२२ मध्ये दाखवून दिलं की एफएक्स, म्हणजे परकीय चलनाच्या, स्वॅप आणि फॉरवर्डमध्ये (पुढच्या तारखेचा भाव आज बांधायचा करार) ८० लाख कोटींपेक्षा जास्त डॉलरचं देणं असं आहे की जे कुणाच्याच बॅलन्स शीटवर कर्ज म्हणून दिसत नाही.

आपल्या फंडाचे करार आता लिहून काढू. निफ्टी २५,००० धरा, लॉट, म्हणजे सौद्याचं लहानात लहान गाठोडं, ७५ चा धरा (२०२५ मध्ये होता, लॉट बदलत राहतो, त्या दिवशीचा बघूनच घ्या). एक लॉट म्हणजे १८ लाख ७५ हजार.

निफ्टी फ्युचर खरेदी ४०० लॉट, म्हणजे ७५ कोटी. फंडाकडं जे बँकांचे शेअर आहेत त्यातल्याच काहींचे फ्युचर विकलेत, २० कोटी. निफ्टीचे पुट (ठरल्या भावाला विकायचा हक्क देणारे ऑप्शन, ते विकले की पडझडीचा तोटा आपल्यावर) विकलेत ८०० लॉट, म्हणजे १५० कोटी. आणि पाच वर्षांचा व्याजदराचा स्वॅप, स्थिर व्याज घ्यायचं आणि बदलतं द्यायचं, २०० कोटी.

सगळं सरळ मिळवलं, शेअर धरून, तर ७० + ७५ + २० + १५० + २०० = ५१५ कोटी. स्वतःचे १०० कोटी. म्हणजे ५.१५ पट. युरोपमध्ये याला ग्रॉस पद्धत म्हणतात, तपशील जरा वेगळे आहेत पण कल्पना हीच. हा आकडा भडक आहे, पण लपवायला कठीण, म्हणून तो पहिला काढायचा. "झिरो डेट" कुठं आणि पाचपट कुठं.

पायरी ४: ऑप्शनला डेल्टा लावा, पण डेल्टावर भाळू नका

१५० कोटींचे पुट विकले म्हणजे १५० कोटींची निफ्टी घेतली असं नव्हे. बाजारापासून लांबचे पुट असतील तर डेल्टा समजा ०.२, म्हणजे निफ्टी १ रुपया पडली की तुमचा तोटा २० पैसे. १५० गुणिले ०.२ म्हणजे ३० कोटींची खरेदी केल्यासारखं. सेबीनं पण मे २०२५ च्या सर्क्युलरमध्ये ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा) असं डेल्टा धरूनच मोजायला सांगितलं, नुसतं नोशनल नाही, आणि इंडेक्स ऑप्शनमध्ये एका संस्थेला दिवसअखेर निव्वळ १,५०० कोटी आणि ग्रॉस १०,००० कोटी अशी मर्यादा घातली.

पण डेल्टा म्हणजे आजचा फोटो. बाजार पडायला लागला की विकलेल्या पुटचा डेल्टा स्वतःहून वाढतो, ०.२ चा ०.४, मग ०.६. म्हणजे काही नवीन न घेता तुमची खरेदी ३० कोटींवरून ९० कोटींवर जाते, ती पण नेमकी नको त्या दिवशी. म्हणून माझ्या एक्सेलमध्ये ऑप्शनला दोन कॉलम असतात, आजचा डेल्टा आणि बाजार १० टक्के पडल्यावरचा डेल्टा. दुसरा कॉलम नसेल तर ते शीट मी पोरांना परत पाठवतो.

विकत घेतलेला ऑप्शन वेगळा. तिथं जास्तीत जास्त प्रीमियम जातं, म्हणून म्युच्युअल फंडांच्या एक्स्पोजरच्या (बाजारावर किती रक्कम लागलेली आहे त्याच्या) हिशोबात त्याला भरलेल्या प्रीमियमएवढंच धरतात.

पायरी ५: वजाबाकी जपून

इथं माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा एका फंडाचं शीट करताना मी छोट्या कंपन्यांच्या शेअरसमोर विकलेलं निफ्टी फ्युचर दिसलं म्हणून दोन्ही वजा करून टाकले, निव्वळ आकडा इतका सुंदर आला की मीच खूश. आमचे साहेब निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीत वाढलेले, त्यांनी शीट बघितलं आणि विचारलं, "काय करायलास हे? छोटे शेअर पडतील त्याच दिवशी निफ्टी पण तेवढीच पडंल याला जामीन कोण, तू राहणार काय?" जामीन राहणं काय असतं हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको, प्रत्येक घरात एकजण तरी दुसऱ्याच्या कर्जाला सही करून बसलेला असतो. मी गप्प वजाबाकी काढून टाकली.

तेव्हापासून नियम साधा: तीच वस्तू, त्याच कंपनीचा शेअर, मुदत जुळणारी, तरच वजा. आपल्या फंडानं ज्या बँकांचे शेअर घेतलेत त्यांचेच फ्युचर विकलेत, म्हणून ७० मधून २० वजा करायला हरकत नाही, राहिले ५०. बाकी "सहसा एकत्र हलतात" असल्या जोड्या वजा करायच्या नाहीत, हव्या तर बाजूला टीप म्हणून लिहा.

उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना हे लगेच कळतं. कास्टिंगची ऑर्डर आहे, तीन महिन्यांनी १ लाख डॉलर येणार, म्हणून बँकेकडं फॉरवर्ड करून भाव बांधून ठेवला, हे कुंपण. ऑर्डर रद्द झाली आणि फॉरवर्ड तसाच राहिला तर? कागद तोच, सही तीच, पण आता तो डॉलरवर लावलेला पैसा झाला. म्हणून हेज लिहिलेलं दिसलं की समोरची खरी वस्तू अजून आहे काय ते बघा.

पायरी ६: व्याजाचे करार शेअरच्या बेरजेत कोंबू नका

२०० कोटींचा स्वॅप आणि २०० कोटींची निफ्टी ही एकाच मापाची जिन्नस नव्हे. व्याजाच्या कराराला विचारायचं की दर हलला तर किती रुपये जातात. पाच वर्षांच्या स्वॅपचं ड्युरेशन (दर एक टक्का हलला की किंमत किती टक्के हलते तो आकडा) ढोबळ ४ धरा. दर एक बेसिस पॉइंटनं (म्हणजे एका टक्क्याच्या शंभराव्या भागानं) वाढला तर तोटा २०० कोटी × ४ × ०.०००१ = ८ लाख. एक टक्का वाढला तर ८ कोटी. स्वतःच्या १०० कोटींपैकी ८ जातात, हे कळलं की नोशनलची भीती पण जाते आणि बेफिकिरी पण. तीन महिन्यांचा २०० कोटींचा करार असता तर हाच तोटा ५० लाखाच्या आसपास आला असता, नोशनल मात्र तेच. म्हणून व्याजाच्या बाबतीत ग्रॉस आकड्यावरून दोन फंडांची तुलना करणारा माणूस दिसला की मी विषय बदलतो.

पायरी ७: भागा

शेअरच्या बाजूला आता ५० + ७५ + ३० = १५५ कोटी. भागिले १०० म्हणजे १.५५ पट. बाजूला व्याजाचा आकडा: एका टक्क्याला ८ कोटी. आणि वरचा ग्रॉस ५.१५ पट. तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे, त्यातला एक निवडून बाकीचे खोडायचे नाहीत. फंडवाला तुम्हाला १.५५ सांगणार, पेपरवाला ५.१५ छापणार, दोघंही खोटं बोलत नाहीत.

आपल्याकडं कॅटेगरी तीनच्या एआयएफला (मोठ्या गुंतवणूकदारांचे, डेरिव्हेटिव्ह वापरणारे खासगी फंड) एनएव्हीच्या २ पट अशी हद्द आहे, १०० कोटीला २०० कोटी एक्स्पोजर. विकलेले पुट डेल्टा न लावता पूर्ण अंगानं धरले तर आपला फंड ५० + ७५ + १५० = २७५ वर जातो, म्हणजे स्वॅप न धरताच हद्दीबाहेर. डेल्टा लावला की तोच फंड, स्वॅप न धरता, आत. कुठल्या पद्धतीनं मोजलं हे विचारल्याशिवाय कुणाचाही लिव्हरेजचा आकडा ऐकून घ्यायचा नाही तो यासाठी.

पायरी ८: रोख पुरते काय बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पाठ्यपुस्तकात हिला सगळ्यात कमी पानं. फंड पट मोजून मरत नाहीत, मार्जिनचा फोन आल्यावर रोख नसते म्हणून मरतात.

एक वाईट आठवडा कल्पा: शेअर १० टक्के खाली, व्याजदर एक टक्का वर. शेअर आणि विकलेलं फ्युचर मिळून तोटा ५ कोटी. निफ्टी फ्युचर ७.५ कोटी. पुटमध्ये डेल्टा ०.२ वरून ०.६ वर गेला, सरासरी ०.४ धरा, १५० × ०.४ × १० टक्के म्हणजे ६ कोटी. स्वॅप ८ कोटी. एकूण २६.५ कोटी. शंभरातले साडेसव्वीस, दुखलं पण जीव गेला नाही.

आता रोख. फ्युचरचा तोटा रोजच्या रोज रोखीनं भरायचा, ७.५. विकलेल्या फ्युचरवर २ मिळतात. पुटसाठी मार्जिन निदान ६ नं वाढतं, खरं तर जास्तच, कारण वादळात एक्स्चेंज मार्जिनचा दरच वाढवतं. स्वॅपवाला ८ मागतो. ७.५ − २ + ६ + ८ = १९.५ कोटी. मोकळे किती होते? १०. साडेनऊ कोटी कमी. शेअरवरचा ७ कोटींचा तोटा कागदावरचा आहे, त्याला कुणी रोख मागत नाही, पण करारांना रोखच लागते, म्हणून पडलेल्या बाजारात शेअर विकायला लागणार, आणि असे दहा फंड एकाच दिवशी विकायला आले की बाजार अजून पडणार.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये हेच झालं. २३ तारखेला सरकारचं मिनी बजेट आलं, सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले, पेन्शन फंडांनी व्याजदराला कुंपण म्हणून जे स्वॅप आणि रेपो (रोखे तारण ठेवून घेतलेला उसना पैसा) केले होते त्यावर मार्जिन मागायला सुरुवात झाली. गंमत बघा, दर वाढल्यानं त्यांची पुढची देणी पण कमी होत होती, कागदावर ते बुडत नव्हते, फक्त आज द्यायला रोख नव्हती. रोख उभी करायला रोखे विकले, त्यानं दर अजून चढले. शेवटी २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंड उतरली आणि १९.३ अब्ज पौंडांचे रोखे विकत घेतले तेव्हा थांबलं.

पायरी ९: समोर कोण, आणि किती जण

आमच्या गल्लीत एकजण होता, त्यानं एकाच वर्षात चार प्लॉटना संचकार दिला, कंग्राळीला एक, पिरनवाडीला एक, असे चार ठिकाणी चार मालक. प्रत्येक मालकाला वाटायचं हा भला माणूस, आपल्या एकाच प्लॉटच्या मागं आहे. चौघांची मुदत दिवाळीच्या आसपास, आणि त्या वर्षी भाव हललाच नाही. तीन संचकार गेले, चौथा प्लॉट घरातलं सोनं ठेवून घेतला. चारी मालक एका चहाच्या टपरीवर भेटले असते तर सगळ्यांनाच आधी कळलं असतं, पण भेटायचं कारणच नव्हतं.

अमेरिकेत बिल ह्वांग यांच्या आर्केगॉसचं हेच, फक्त शून्यं जास्त. फॅमिली ऑफिस, म्हणजे जाहीर करायची बंधनं कमी. वेगवेगळ्या बँकांशी टोटल रिटर्न स्वॅप, म्हणजे शेअर बँकेच्या नावावर, चढउतार ह्वांग यांचा, आणि वर फक्त मार्जिन. स्वतःचे जास्तीत जास्त साधारण ३६ अब्ज डॉलर आणि पोझिशन १६० अब्जांच्या आसपास, ती पण मोजक्या शेअरमध्ये. प्रत्येक बँकेला आपापला तुकडा दिसत होता. मार्च २०२१ मध्ये व्हायकॉमसीबीएसचा शेअर पडला, मार्जिनचे फोन एकदम आले, आणि ज्या बँका आधी विकून बाहेर पडल्या त्या वाचल्या, क्रेडिट स्वीसला ५.५ अब्ज आणि नोमुराला जवळपास २.९ अब्ज डॉलरचा फटका. ह्वांग यांना २०२४ मध्ये दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा झाली. पट काढली तर साडेचारच्या आतच येते, १९९८ च्या एलटीसीएम या अमेरिकी हेज फंडापुढं काहीच नाही, तिथं वर्षाच्या सुरुवातीला स्वतःचे ४.७ अब्ज, पुस्तकावर साधारण १२५ अब्जांची मालमत्ता आणि वर सव्वा लाख कोटी डॉलर नोशनल होतं. आर्केगॉसला पटीपेक्षा मोजक्या शेअरमधल्या गर्दीनं खाल्लं.

म्हणून शीटमध्ये शेवटी दोन कॉलम ठेवा: समोरची पार्टी कोण, आणि त्या एका शेअरमध्ये रोज जेवढी उलाढाल होते त्याच्या किती दिवसांएवढी ही पोझिशन आहे. बाहेर बसून पहिला कॉलम बऱ्याचदा भरता येत नाही, तरी ठेवा, रिकामा दिसू दे. मागच्या रविवारी एका पोरानं पहिलंच शीट आणलं, सगळे आकडे बरोबर, आणि हा कॉलम डिलीट केलेला. का रे म्हटलं तर म्हणाला, "काका, माहितीच मिळाली नाही, मग कशाला ठेवायचा?" तोच कॉलम परत घालायला लावला, पिवळ्या रंगात, आणि मग चहा सांगितला.